अंध ग्राहकाला आमच्या साईटवरून पैठणी घेता आली नाही, काय काय बदलू?

येवल्याची_सून

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज. आमचं येवल्यात पैठणीचं छोटं दुकान आहे, घरचे दोन हातमाग आणि बाकीचा माल ओळखीच्या विणकरांकडून. कोविडनंतर भाच्याने वर्डप्रेसवर साईट करून दिली, ऑनलाइन विक्रीसाठी त्यावर वूकॉमर्स टाकलंय, महिन्याला २५-३० ऑर्डरी येतात त्यावरून, मुंबई-पुण्याच्या जास्त.

गेल्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. शिक्षिका आहेत, पूर्ण अंध. मुलीच्या लग्नासाठी साडी हवी होती, दोन संध्याकाळी आमच्या साईटवर बसल्या होत्या म्हणे. मोबाईल त्यांना वाचून काय दाखवत होता तर "आयएमजी अंडरस्कोर २०२३११०४", पुढचा फोटो, परत तसाच आकडा. रंग निवडायला आमच्याकडे छोटे गोल आहेत ना, ते त्यांना नुसते "बटन, बटन, बटन" असे ऐकू आले. शेवटी त्यांनी फोन केला, मी पाऊण तास बोलले, साडी त्यांना पसंत पडली, पैसे पण आले. पण ठेवताना म्हणाल्या, "ताई तुम्ही आत्ता मला जे सगळं बोलून सांगितलंत ते तिथं का नाही लिहिलंय?" मला रात्रभर तेच डोक्यात. दुकानात कोणी आलं असतं तर आम्ही साडी हातात दिली असती, पदर उलगडून दाखवला असता, आणि इथे दोन दिवस त्या दाराबाहेर उभ्या होत्या आणि आम्हाला पत्ताच नाही.

भाचा म्हणतो एक प्लगइन आहे, कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह येतं, ते टाकलं की साईट सगळ्यांसाठी चालते, वर्षाला काहीतरी पैसे आहेत. माझ्याकडे १५-२० हजार आहेत यासाठी. ते प्लगइन घेऊ का? साईटवर ३२० साड्या आहेत, सगळ्यांचं लिहायचं म्हटलं तर कधी होणार? कोणी केलंय का असं काम?

पांढरी_काठी

ताई, पहिलं म्हणजे तुम्ही विचारलंत याबद्दल मनापासून आभार. मी स्वतः पूर्ण अंध आहे, पुण्यात बँकेत नोकरी करते, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक वापरते, दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर. एनव्हीडीए फुकट आहे, ऑस्ट्रेलियात दोन अंध मुलांनी २००६ मधे सुरू केलेलं, तुमच्या भाच्याला आजच उतरवून घ्यायला सांगा.

त्या प्लगइनवर पैसे घालू नका. आमच्याकडे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आधीच असतं, ते आमच्या हाताला बसलेलं असतं, मला लागतो त्या स्पीडने मी ते लावलेलं असतं. त्यावर तुमच्या साईटचं दुसरं यंत्र येऊन बोलायला लागलं की दोन आवाज एकात एक होतात आणि काहीच कळत नाही. आणि फोटोत काय आहे हे त्या प्लगइनला तरी कुठून कळणार, फार तर "साडी नेसलेली स्त्री" असं म्हणेल. नारळी काठ आहे का हे ते सांगणार नाही, ते तुम्हीच सांगू शकता.

आता फोटोचं वर्णन, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट. लोक दोन चुका करतात, एकतर "सुंदर पैठणी" एवढंच लिहितात नाहीतर गुगलमधे वर यावं म्हणून "पैठणी साडी येवला पैठणी बेस्ट पैठणी" असं कोंबतात आणि ते मला प्रत्येक फोटोला ऐकावं लागतं. तुम्ही त्या बाईंना फोनवर काय सांगितलंत ते आठवा. "डाळिंबी अंग, काठ मोरपंखी, काठावर एकेरी मुनिया, पदरावर बांगडी मोर, अंगभर छोट्या बुट्ट्या". बास, एका वाक्यात साडी डोळ्यासमोर येते. दुसरा फोटो पदराचा असेल तर तिथे परत सगळं नको, फक्त पदर: किती मोर, जर सोनेरी का रुपेरी. तिसरा उलट्या बाजूचा असेल तर "मागची बाजू, विणकाम पुढच्यासारखंच साफ, लोंबते धागे नाहीत" हे लिहाच, कारण हातमागाची खरी पैठणी मी बोटांनी अशीच ओळखते, काठ उलटा करून. डोळस ग्राहकाला पण ते उपयोगाचं आहे.

रंगाबद्दल लोकांना वाटतं की अंधांना काय करायचंय रंगाचं. मला नऊ वर्षांपर्यंत दिसायचं, माझ्या मैत्रिणीला जन्मापासून दिसत नाही, पण दोघींनाही लग्नात कुठला रंग नेसायचा आणि त्यावर कुठलं ब्लाउज हे व्यवस्थित कळतं. मराठीत तर रंगांना वस्तूंचीच नावं आहेत, अबोली, डाळिंबी, मोतिया, वांगी, पोपटी. "कलर ०७" लिहू नका, अबोली लिहा. धूपछांव असेल तर कुठले दोन धागे आहेत ते लिहा.

अजून एक, किंमत. जुनी किंमत खोडून नवी खाली दाखवता ना, ती खोडलेली रेघ मला ऐकू येत नाही. मला ऐकू येतं "१८,५०० १५,९००". कुठली खरी? शब्दात लिहा, आधीची किंमत इतकी, आताची इतकी.

नाशिकचा_कोडवाला

वरच्या ताईंनी महत्त्वाचं सांगितलंय, मी तांत्रिक बाजू सांगतो. मी छोट्या दुकानांच्याच साईट करतो, किराणा, क्लासेस, होमस्टे वगैरे.

प्लगइनबद्दल: याला ओव्हरले म्हणतात. अमेरिकेत २०२५ मधे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका मोठ्या ओव्हरले कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले, कारण आमचं टूल लावलं की कुठलीही साईट नियमात बसते असा त्यांचा दावा होता आणि तो टिकला नाही. तर ते सोडून द्या, तुमचे १५-२० हजार कामाच्या गोष्टींवर लागतील.

मी काय क्रमाने करेन सांगतो. सगळ्यात आधी साईटची भाषा. वर्डप्रेसच्या सेटिंगमधे जनरलमधे जाऊन बघा, बहुतेक तिथे इंग्लिश अमेरिका असेल. मजकूर मराठी आणि पान सांगतंय मी इंग्रजी आहे, मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो, आणि काही इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरं सरळ गाळून टाकतात, म्हणजे अख्खं पान गप्प. तिथे मराठी निवडा, दोन मिनिटांचं काम आहे, शून्य रुपये.

दुसरं ते रंगाचे गोल. वूकॉमर्समधे मुळात रंग निवडायला साधी खाली उघडणारी यादी येते आणि ती स्क्रीन रीडरला नीट चालते. तुमच्या भाच्याने गोलांसाठी वेगळं प्लगइन टाकलं असणार. ते काढून टाका, नाहीतर प्रत्येक गोलाला रंगाचं नाव दिसेल आणि ऐकू येईल असं द्या. रंगांध माणसाचा पण प्रश्न सुटतो, त्याला लाल आणि हिरव्या गोलात फरक दिसत नाही पण "राणी" आणि "पोपटी" वाचता येतं.

तिसरं, माउस काढून ठेवा आणि फक्त टॅब, एंटर आणि बाणांची बटणं वापरून एक साडी विकत घ्यायचा प्रयत्न करा, पहिल्या पानापासून पैसे भरेपर्यंत. जिथे अडकाल तिथे तुमचा ग्राहक अडकतो. बऱ्याच थीममधे आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट डिझायनरने "घाण दिसते" म्हणून काढलेली असते, ती परत आणा. ऑफरचं पॉपअप उघडतं त्याची फुली कीबोर्डने बंद होते का बघा, नसेल होत तर पॉपअपच काढा. पहिल्या पानावर फोटो आपोआप सरकत असतील तर ते थांबवायचं बटन पाहिजे, नियम असा आहे की ५ सेकंदांहून जास्त वेळ हलणारी गोष्ट थांबवता आली पाहिजे.

फॉर्म. नाव, पत्ता, पिनकोड हे शब्द खोक्याच्या आत फिकट लिहिलेले असतात आणि टाइप करायला लागलं की गायब होतात. ते खोक्याच्या वर कायम दिसणारं लेबल म्हणून पाहिजेत आणि कोडमधे त्या खोक्याशी जोडलेले पाहिजेत. चूक झाली तर नुसती लाल रेघ नको, "पिनकोड ६ आकडी हवा" असं वाक्य पाहिजे. चित्रांमधले ट्रॅफिक सिग्नल ओळखा वालं कॅप्चा असेल तर तेही काढा, स्पॅम थांबवायला न दिसणाऱ्या खोक्याची पद्धत आहे, ग्राहकाला त्रास न होता चालते.

मी आत्ता तुमच्यासारख्या चार-पाच पैठणीच्या साईट उघडून बघितल्या, सगळीकडे पांढऱ्यावर सोनेरी अक्षरं. जरीचा रंग म्हणून छान वाटतं पण नेहमीच्या सोनेरीचा पांढऱ्यावरचा कॉन्ट्रास्ट २ च्या जरा वर येतो आणि डब्ल्यूसीएजीमधे, म्हणजे साईट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांमधे, साध्या मजकुराला ४.५ लागतो. तोच सोनेरी गडद मरूनवर टाका, ६ च्या वर जातो. रंग तुमचेच राहतात, फक्त जागा बदलायची. यात काही तुम्ही एकट्या चुकताय असं नाही, वेबएम म्हणून संस्था दरवर्षी दहा लाख होमपेज तपासते, २०२५ मधे त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर चुका निघाल्या आणि पहिल्या नंबरवर हीच, फिकट अक्षरं.

क्रोममधे लाइटहाउस आहे, वेव्ह नावाचं एक्स्टेंशन आहे, दोन्ही साईटवरच्या अशा चुका शोधून दाखवतात, फुकट आहेत, चालवून बघा. पण लाइटहाउसमधे ९५ मार्क मिळाले म्हणून थांबू नका, ते ऑल्ट टेक्स्ट आहे की नाही एवढंच बघतं, आत "आयएमजी २०२३" लिहिलं असलं तरी त्याला चालतं.

३२० साड्यांचं म्हणाल तर विकल्या गेलेल्या आधी लपवा. मग उरलेल्यांतल्या रोज १० करा. वर्णन मीडिया लायब्ररीत भरलं की वूकॉमर्सच्या पानावर आपोआप येतं, पण ब्लॉगच्या जुन्या लेखांत टाकलेल्या फोटोंना येत नाही, ते तिथे जाऊन बदलावे लागतील.

शब्दांकित

मला लहानपणापासून ऐकू येत नाही. सगळे आंधळ्या लोकांबद्दल लिहितायत ते बरोबरच आहे पण आमचं पण ऐका म्हणून लिहितोय.

दुकानांच्या साईटवर सगळं दिसतं, किंमत मात्र नसते, "किमतीसाठी कॉल करा" असतं. मी कॉल कसा करू. दर वेळी बहिणीला सांगायचं, ती ऑफिसात असते, मग राहूनच जातं. आईच्या साठीला साडी घ्यायची होती तेव्हा तीन दुकानं मी फक्त यासाठी सोडली. व्हॉट्सअ‍ॅप नंबर द्या आणि शेजारी स्पष्ट लिहा की फक्त मेसेज केला तरी चालेल, कारण बरेच दुकानदार मेसेजला उत्तर म्हणून फोनच करतात, आणि उचलला नाही की समजतात गिऱ्हाईक गंभीर नाही. ऑर्डरच्या फॉर्ममधे "फोन करू नका, मेसेज करा" असं एक टिकमार्कचं खोकं ठेवलंत तर डिलिव्हरीवाल्यापर्यंत पण ते जाईल.

मागावर विणतानाचे व्हिडिओ टाकता ना, त्यात कोणीतरी बोलत असतं. खाली मराठीत अक्षरं टाका, हाताने टाइप केलेली. आणि वाक्यं लहान ठेवा, आमच्यातल्या बऱ्याच जणांची पहिली भाषा साइन लँग्वेज असते, लिहिलेली मराठी नंतर शिकलेली. "सदर उत्पादन परत करावयाचे असल्यास" पेक्षा "साडी परत करायची असेल तर ७ दिवसांत मेसेज करा" हे लगेच कळतं.

सांगलीकर_आजोबांचा_नातू

माझ्या आजोबांना पार्किन्सन्स आहे, हात थरथरतात. त्यांना स्वतःच्या हाताने आजीसाठी काहीतरी मागवायचं असतं, मी करून देतो म्हटलं की नाराज होतात. त्यांचं सांगतो. प्लस आणि मायनसची बटणं एवढी बारीक आणि चिकटून असतात की एकाऐवजी तीन नग जातात, मग काढून टाकायचं चिन्ह त्याहून बारीक. नव्या डब्ल्यूसीएजी २.२ मधे बटन निदान २४ बाय २४ पिक्सेल जागेचं हवं असं आहे, मी म्हणेन अंगठ्याएवढं करा. आणि पैसे भरताना वेळ संपतो, त्यांना ओटीपी टाकायला दीड मिनिट लागतं. तुमच्या हातात बँकेचा वेळ नाही पण कार्ट रिकामी होऊ नये एवढं तुमच्या हातात आहे, आणि कॅश ऑन डिलिव्हरी किंवा नंतर यूपीआय करायचा पर्याय ठेवा. फोनवर अक्षरं मोठी केली की तुमची साईट आडवी सरकवावी लागते का तेही बघा, आजोबा सगळीकडे अक्षरं मोठी करूनच वाचतात.

कायद्याचं_बोलू

थोडक्यात कायदा सांगते, घाबरवण्यासाठी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्यातलं कलम ४६ सेवा देणाऱ्या सगळ्यांना लागू आहे, सरकारी असो वा खासगी, आणि नियम आल्यापासून दोन वर्षांत सेवा सुगम करायची होती. कायदा मोडला तर कलम ८९ प्रमाणे पहिल्यांदा १० हजारांपर्यंत दंड, पुन्हा झालं तर ५० हजार ते ५ लाख. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी केसमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, सक्तीचे किमान नियम ठरवा. मग ३० एप्रिल २०२५ ला ऑनलाइन केवायसीच्या प्रकरणात, त्यात अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला होत्या ज्यांना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावणं शक्य नव्हतं, कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

उद्या तुमच्या दारात कोणी नोटीस घेऊन येईल असं मी म्हणत नाही. पण २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात २९ लाखांवर दिव्यांग मोजले गेले होते, तेव्हा कायद्यात प्रकार पण कमी होते, आता २१ आहेत. या सगळ्यांच्या घरात लग्नं होतात.

येवल्याची_सून

सगळ्यांचे किती आभार मानू. उशीर झाला, लग्नसराई होती. काय केलं ते लिहिते म्हणजे दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

प्लगइन घेतलं नाही. भाषा मराठी केली, खरंच इंग्लिश अमेरिका होती. रंगाचे गोल काढले, यादी ठेवली. पहिलं मराठी नाव आणि पुढे छटा, "चिंतामणी, गडद निळा" असं. माउस काढून खरेदी करायला बसले तर दुसऱ्याच पायरीला अडकले, ऑफरचं पॉपअप बंदच होईना, ते काढलं. साडी नेसवायच्या सूचना आणि धुण्याच्या सूचना आमच्या डीटीपीवाल्याने पीडीएफमधे दिल्या होत्या, दिसायला सुंदर मराठी, पण भाच्याने एनव्हीडीएवर लावलं तर इंग्रजी अक्षरांची निव्वळ खिचडी ऐकू आली.

वर्णनं मात्र मी लिहीत नाहीये, सासूबाई बोलतात आणि मी फोनवर व्हॉइस टायपिंग लावते. त्यांनी चाळीस वर्षं गादीवर बसून हेच केलंय. मी लिहिलं असतं "फ्लोरल पदर", त्या म्हणतात "असावलीची वेल, खालून वर चढलेली, प्रत्येक फुलाला हिरवा देठ". चौदा दिवसांत ११० साड्या झाल्या. गंमत म्हणजे डोळस बायका पण आता फोन करून विचारत नाहीत पदरावर नक्की काय आहे ते.

किंमत सगळ्या साड्यांना टाकली आहे, व्हॉट्सअ‍ॅपशेजारी "फोन न करता मेसेज करा, आम्ही मेसेजनेच उत्तर देऊ" लिहिलं आहे, शब्दांकित दादा तुमच्यामुळे.

दोन प्रश्न उरलेत. एक, त्या पीडीएफचं काय झालं नक्की? दुसरं, साईट खऱ्या वापरणाऱ्याकडून तपासून घ्यायची तर कोणाला विचारायचं आणि पैसे किती द्यायचे?

नाशिकचा_कोडवाला

पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधे आहे. त्यात आतमधे साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त त्यांच्यावर मराठी आकार चढवलेले असतात, म्हणून डोळ्याला मराठी आणि मशीनला खिचडी. मजकूर युनिकोडमधे परत टाइप करून घ्या, तुमच्या डीटीपीवाल्याकडे कन्व्हर्टर असेलच, पण जोडाक्षरं नजरेखालून घाला कारण तिथे घोळ होतो. आणि पीडीएफ ठेवूच नका, साधं पान करा. हा प्रश्न आपल्याकडे सगळीकडे आहे, लग्नपत्रिकेपासून हॉटेलच्या मेनूपर्यंत, बाहेरच्या गाईडमधे तो सहसा सापडणार नाही.

आणि जे १५-२० हजार प्लगइनचे वाचले ते तपासणाऱ्याला द्या. फुकट मागू नका, ते काम आहे.

पांढरी_काठी

ताई, तपासणीसाठी पुणे अंधजन मंडळ किंवा नॅबच्या (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) नाशिकच्या शाखेत विचारा, कॉम्प्युटर चांगला येणारी मुलं तिथे भेटतील. एकाला फोनवर आणि एकाला लॅपटॉपवर बसवा, तासाप्रमाणे पैसे ठरवा आणि मधे मधे सांगू नका "इथे दाबा", नुसतं बघत बसा.

मी काल रात्री जेवणं झाल्यावर तुमच्या साईटवर गेले होते, सव्वा तास होते, कोणाला हाक मारावी लागली नाही. सासूबाईंची वर्णनं ऐकत बसले, मोतिया रंगाच्या साडीचं तर दोनदा ऐकलं. एकच ठिकाणी थांबले, कूपनच्या खोक्याला लेबल नाहीये, नुसतं "एडिट, ब्लँक" ऐकू येतं, मला वाटलं पिनकोड परत मागतायत आणि तो टाकल्यावर चूक आली. तेवढं बघा. आणि त्या मोतिया साडीच्या तिसऱ्या फोटोला वर्णन नाहीये, तो मागच्या बाजूचा आहे का? असेल तर तेवढं लिहा, मग मी ऑर्डर टाकते.

येवल्याची_सून

मागच्या बाजूचाच आहे. सासूबाई आत्ता साडी उलटी करून बसल्या आहेत, दहा मिनिटांत लिहिते.